धर्माबादची मिरची आणि वैनीचं झंपर

आमच्या घरात अंगाला काहीही झालं की पहिला संशय मिरचीवर. डोळे चुरचुरले, मिरची. नाक गळायला लागलं, मिरची. बोटांच्या पेरांत चिरा पडल्या, मिरचीच. धर्माबादला ज्याचं लहानपण गेलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. हंगामात रेल्वेतून उतरलं की फलाटावरच पहिली शिंक येते आणि पाहुण्याला कळतं की गाव आलं. मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीत तर बाहेर वाळवलेल्या चादरीवर निजलं तरी मान चुरचुरायची.

माझा थोरला भाऊ, दादा, मोंढ्यात मापाडी होता. त्याची बायको, माझी वैनी, मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जायची. माझी आईही हातपाय चालत होते तोवर तेच काम करत होती. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिनंच घातल्या, मला नांदेडला कॉलेजात धाडायचं म्हणून आईशी भांडलीही तीच. चारचौघांत ती मला रीतीप्रमाणे 'ताई, तुमी' म्हणते. दोघीच असलो की सरळ 'तू'. मला राग पटकन येतो, तर म्हणायची, ही पोरगी मिरचीच्या पोत्यावर जन्मली, हिच्या नादी कुणी लागू नका. पुढं मी लातूरला नोकरीला लागले, तिथलीच झाले, पण माहेर म्हटलं की मला अजून दादाआधी वैनी दिसते.

गोदामातल्या बसण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मिरचीच्या ढिगाभोवती बाया गोल करून बसतात, नाकाला फडकं बांधलेलं, आणि बटवा, रुमाल, बटणाचा मोबाईल, सगळं झंपरात. डाव्या बाजूला. उजव्या हातानं काढायला सोपं पडतं ना. मोबाईल वाजला की देठ खुडता खुडता तोच हात आत जातो. मग व्हायचं तेच होतं. बाई कळवळते, बाकीच्या हसतात, कुणीतरी चावट बोलतं, आणि घरी जाऊन खोबरेल लावलं की सकाळपर्यंत आग शांत होते. त्या गल्लीत अशी एक बाई नसेल जिच्या डाव्या बाजूला कधी ना कधी आग झाली नाही. त्यात लाजण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, विचारण्यासारखं तर त्याहून नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमारास वैनीनं फोनवर हसत हसत सांगितलं, "मोबाईल काढाया गेले अन् बसली की मिरची. लई आग करून राहिली बापा."

मीही हसले. तिला म्हणाले, "मोबाईल कमरेला लाव, म्हातारी झालीस, अक्कल कधी येणार तुला?"

बुद्धपौर्णिमेला माहेरी गेले तेव्हा खीर ढवळता ढवळता ती मनगटानं छातीची डावी बाजू घासत होती. पदरावरूनच, सवय लागल्यासारखी. विचारलं तर, "मिरची." मी म्हणाले, हंगाम आटोपला की. तर म्हणाली, "आता कोल्ड स्टोरेजातली निघून राहिली. धर्माबादेत मिरची सरती कधी?" ते खरंच होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून तिनं एक मलम आणलं होतं. लावलं की लाली उतरायची, सोडलं की चार-आठ दिवसांत पुन्हा तेच. एक ट्यूब संपली की दुसरी. मेडिकलवाला म्हणे, मिरचीची ॲलर्जी आहे, हात लावणं सोडा. आता मिरचीला हात लावू नका हे धर्माबादच्या बाईला सांगणारा माणूस किती हुशार असेल ते बघा.

मधे गावात आरोग्याचं शिबिर झालं. तिथल्या नर्सबाईनं चित्र दाखवून शिकवलं की आंघोळीच्या वेळी बोटं सपाट धरून छाती चाचपायची, गाठ लागली तर दवाखान्यात यायचं. वैनीनं घरी येऊन नेमानं चाचपली. गाठ नव्हती. फोनवर मला तसं सांगितलंही, पास झाल्यासारखं. मी म्हणाले, चला, बरं झालं. गाठ म्हणजे रोग, गाठ नाही म्हणजे रोग नाही, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला लातूरला आली. मुलगी झाली. बाळंतपण करायला वैनीच येणार हे कुणी ठरवावंही लागलं नाही. धर्माबादहून रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लोहा-अहमदपूर करत ती आली. एका पिशवीत डिंकाचे लाडू, एकीत शेकायच्या ओव्याचं गाठोडं, आणि डोक्यावर पदर. दारातच चपला काढून हातपाय धुतले आणि मला म्हणाली, "आता या घरात तिखट बंद. ताई, तुमची जीभ पण."

तिखट खरंच बंद झालं. बाळंतिणीला चालत नाही म्हणून आमच्या डब्यातली लाल मिरची पूड वरच्या फळीवर गेली. आमचे हे वरण-भात आणि मेथी खाऊन बेजार झाले, पण वैनीपुढं बोलायची हिंमत कुणाची?

एक गोष्ट मला त्या दिवसांत फार जाणवली. एरवी बाई आपल्या छातीचं नाव काढत नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही, डॉक्टरशी तर त्याहून नाही. पण घरात बाळंतीण असली की कोंडी फुटते. दूध उतरलं का, गाठी बसल्यात का, बोंड बरोबर तोंडात जातं का, सगळं मोठ्यानं. शेजारची येऊन विचारते, भाजीवाली विचारते, सासरहून फोनवर तेच विचारतात. बाळाच्या पोटासाठी म्हणून सगळं चालतं. लेकीचं एका बाजूचं बोंड चिरलं, बाळ ओढायला लागलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. वैनी तिच्यामागं उशी लावून बसायची, बाळाचं तोंड कसं मोठं उघडू द्यायचं ते दाखवायची, पाजून झालं की अंगावरच्याच दुधाचा थेंब चिरेला लावायची. डॉक्टरीण बाईंनी दिलेलं मलमही होतं. आठवडा उलटता उलटता चीर भरून आली. दिवसरात्र ओढणारं तोंड असूनही भरून आली. वैनी मोठ्या ऐटीत म्हणाली, "बघा, कातडं हाय ते. जपलं की भरतंय."

हे वाक्य मी विसरले नाही. कारण नंतर मी ते तिच्यावरच उलटवलं.

त्या सुमारास एका संध्याकाळी दव पडायच्या आत दुपटी काढायला गच्चीवर गेले. वैनी स्वतःचे कपडे स्वतः धुवायची, मला हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, पाहुणी म्हणून संकोच. तिची साडी ओढली तर तिच्या घडीतून झंपर खाली पडलं. साडीच्या आत झंपर कोण वाळत घालतं? उचललं. आतल्या बाजूला, डावीकडे, एक डाग. धुवूनही न गेलेला, पिवळट तपकिरी, मधे जरा कडक. रुपयाएवढा. मी पहिल्यांदा नेहमीसारखंच मनात म्हटलं, मिरची.

आणि तिथंच थांबले. कुठली मिरची? महिना होत आला, हिनं मिरचीला हात लावलेला नाही. या घरात मिरची वरच्या फळीवर आहे. मोबाईल तर आल्यापासून देवासारखा टीव्हीवर ठेवलाय, बाळाजवळ नको म्हणून. गच्चीवर ते झंपर हातात घेऊन उभी होते. खाली माझ्या लेकीची चीर भरून आली होती. हिची होळीपासून भरत नव्हती.

खाली आले आणि तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती बाळंतशेपा भाजत होती. झंपर तिच्यापुढं धरलं.

"हे काय आहे?"

"डाग हाय. धुवून पण जाईना."

"तो दिसतोय मला. कशाचा?"

"मिरची—"

"वैनी, मिरची म्हणशील तर याद राख. दाखव."

तिनं झंपर माझ्या हातातून घेतलं. मग गॅस बंद केला, न्हाणीत गेली, मी मागोमाग. मी तिच्यासमोर लहानाची मोठी झाले, तिनं मला आंघोळ घातलेली, पण तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. दोघींनाही कुठं बघावं कळेना. डाव्या बोंडावर लाल, ओलसर, मधेमधे खपली धरलेलं काहीतरी होतं, इसब असतं तसं. ते बोंडावरून भोवतीच्या काळ्या भागावर पसरत चाललेलं. आणि बोंड दबलेलं होतं, कुणी आतून धरून ओढल्यासारखं. उजवं बघितलं तर एकदम स्वच्छ. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण दोन बाजू शेजारी ठेवल्या तर लहान मुलालाही कळलं असतं की यातली एक बरी नाही.

"दुखतं?"

"खाजतंय. आग हुती. दुखत न्हाई फारसं." मग घाईघाईनं, "अन् गाठ न्हाई. मी बघितलंय रोज."

"उद्या दवाखान्यात."

"नाव ठेवायचा कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

"उद्या."

"बाळंतिणीच्या घरात दवाखान्याच्या गोष्टी काढून राहिलीस? पोरीचं दूध आटंल. मी जाईन धर्माबादला गेल्यावर. नांदेडात काय डॉक्टर न्हाईत का?"

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "कातडं आहे ते, जपलं की भरतंय, तूच म्हणालीस ना? मग हिचं भरलं, तुझं का भरंना?" त्यावर ती खाली मान घालून झंपराची बटणं लावत राहिली. बटणं वरखाली झाली तरी तिला कळलं नाही.

आतल्या खोलीत लेकीला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं हाक मारली. आम्ही दोघी चोरासारख्या दारात उभ्या राहिलो. ती बाळाला पाजत होती. म्हणाली, "मामी, माझं सगळं तुम्ही रोज बघितलं. मला लाज वाटू दिली नाही. परवा बाळाला दाखवायला न्यायचंच आहे. तुम्ही आमच्याबरोबर आत यायचं. येणार नसाल तर मीही जात नाही, बाळही नाही." माझ्या आरडाओरड्यानं जे झालं नाही ते तिच्या हळू बोलण्यानं झालं. वैनी नाक शिंकरून म्हणाली, "आईवर गेलीय."

डॉक्टरीण बाई लेकीचं बाळंतपण केलेल्याच. बाळ बघून झालं आणि वैनीला पडद्याआड घेतलं. मी पडद्याच्या अलीकडे, सगळं ऐकत. किती महिने झाले? एकाच बाजूला? सुरुवात बोंडावर झाली की भोवती? मलम लावलं की बरं होतं आणि सोडलं की परत येतं का? वैनी एकेका शब्दात सांगत होती, शेवटच्याला "हाव" म्हणाली. बाई तपासत होत्या. मग, "गाठ लागत नाही हाताला."

वैनी बाहेर आली ती माझ्याकडं बघतच. बघ, म्हणलं नव्हतं?

पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गाठ नाही म्हणून मी निश्चिंत होणार नाही, मामी. इसब असतं तर बहुतेक दोन्हीकडे आलं असतं, आणि मलमानं एकदा गेलं असतं. एकाच बोंडावर, महिनोन् महिने, जातंय आणि येतंय, वर बोंड आत चाललंय, याचं कारण खाली, आत असू शकतं. सोनोग्राफी करू, मॅमोग्राफी म्हणून छातीचा खास एक्स-रे असतो तो करू, आणि कातडीचा एवढासा तुकडा तपासायला पाठवू. काही निघालं नाही तर मला शिव्या द्या."

लेकीनं विचारलं, "गाठ नसतानाही असतं का?"

"असतं. कुणाचं बोंड आत वळतं, कुणाच्या बोंडातून एकाच बाजूनं पाणी नाही तर रक्त येतं. कुणाची एक बाजू लाल होते, गरम लागते, ताप आल्यासारखी सुजते, कातडी जाड होऊन मोसंबीच्या सालीसारखी खड्डे खड्डे दिसते. गाठ कुठंच नसते. बाया बिचाऱ्या गाठ शोधत बसतात." हे त्या माझ्या लेकीशी बोलत होत्या. माझं लक्ष वैनीकडं गेलं. मोसंबीची साल म्हणताच तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

मग बाईंनी पेन उचललं. "घरात कुणाला असं झालं होतं? आई, मावशी, बहीण?"

"माझ्या माहेरात न्हाई," वैनी म्हणाली. 'माझ्या'वर जरा जोर देऊन. मला तेव्हा काही वाटलं नाही.

तुकड्याचा निकाल येईपर्यंत वैनीनं घरातली सगळी कामं दुप्पट केली. मी चिडचिड केली, दोघींचं ते नेहमीचंच. निकाल आला. कॅन्सर होता. बोंडाच्या कातडीत, आणि तिथून आतल्या दुधाच्या नळ्यांत. बाई म्हणाल्या, अजून नळ्यांच्या आतच आहे असं दिसतंय, बाहेर पसरलेलं नाही, छाती काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे. चांगली आशा आणि छाती काढणं हे एकाच वाक्यात ऐकायला माणसाला वेळ लागतो. मला लागला. मी जिन्यात बसून रडले, आणि रडताना कुणी बघितलं म्हणून त्याच्यावरही चिडले.

दादाला बोलावून घेतलं. तो दवाखान्यात टोपी हातात धरून बसला. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला, स्वतः कुणाला कधी जड झाला नाही असा माणूस. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"मिरचीनं होतं का हे?"

"नाही. मिरचीनं आग होते, हे होत नाही."

दादानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग आमच्याकडं बघून म्हणाला, "मग मिरची म्हणलं कुणी?"

सगळेच म्हणत होतो की.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दादा चहा आणायला खाली गेला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच. हिवाळ्याचं ऊन पायावर येत होतं. वैनी एकदम म्हणाली, "तुला एक सांगाचं हाय. चिडू नको. चिडायचं तर उद्या चीड, माझं झाल्यावर."

"बोल."

"तुझ्या आईला काविळ झाली अन् त्या गेल्या म्हणतो ना आपण?"

माझी आई, माझी लेक रांगायला लागली त्या सुमारास गेली. डोळे पिवळे झाले, जेवण सुटलं, महिन्याभरात संपली. वय झालं होतं, कावीळ झाली. आजवर आम्ही सगळे हेच सांगत आलो.

"काविळ मागून झाली," वैनी म्हणाली. "आधी थान लाल झालं. एकच. हात लावला तर गरम. म्हणायच्या, मिरची. मग कातडं जाड झालं, खड्डे पडले, डॉक्टरीण बाई म्हणाली ना, मोसंबी, तस्संच. बोंड आत गेलं. मागून तो हात सुजला. गाठ बिठ काई नव्हती. शेवटी मीच आंघोळ घालत होते, मी रोज बघत होते."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू बाळंतीण होतीस. आपल्याच घरात, आतल्या खोलीत. सासूबाईंनी पोरीच्या पायाशी माझा हात ठेवून शपथ घातली. पोरीचं दूध आटंल, म्हणल्या. तुझ्या लेकीला तेल लावायच्या, त्या हातानं, तोच हात सुजेपर्यंत. तू विचारायचीस, आई, हात का चोळतेस. त्या म्हणायच्या, मिरची. एकदा मिरची म्हणलं की आपल्या घरात पुढं कुणी विचारत न्हाई." थोडी थांबली. "म्हणून मला पण बरं वाटलं म्हणायला."

म्हणजे तिला ठाऊक होतं. होळीपासून नसेल, पण बोंड आत जायला लागलं तेव्हापासून तिनं ओळखलं होतं. आणि ओळखून ती आली, माझ्या लेकीचं बाळंतपण करायला, झंपर साडीच्या घडीत लपवून. मला इतका राग आला की सांगता येत नाही. वैनीचा, आईचा, त्या मेल्या मिरचीचा. आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं. आई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तेल लावतेय, हात जड झालाय, आणि मी शेजारी पडून हळिवाची खीर खातेय. मी वैनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "उजव्या बाजूला ठेव. डावीकडं आग हाय."

ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या ग्रंथी, सगळ्यांनाच असतात त्या, तपासल्या, स्वच्छ निघाल्या. वैनी काही आठवड्यांनी धर्माबादला गेली. बाळाचं नाव ठेवायचा कार्यक्रम तिच्यासाठी थांबवला होता, तो ती उठून बसल्यावर तिच्याच मांडीवर झाला. गोदामात ती आता खुडायला बसत नाही, पण दुपारी जाऊन येते. जयभीम झाल्यावर तिचा पहिला प्रश्न काय असतो ते सगळ्या बायांना पाठ झालंय: कुणाची आग किती दिसांची? कालची असेल तर हसते, चावट बोलते. महिन्याची असेल तर उठवून नेते. चित्रातली गाठ बघा पण आरशातल्या दोन बाजू पण बघा, असं ती सांगते, हाताला लागत न्हाई ते डोळ्याला दिसतंय.

आणि माझ्या मागं लागली. "ती माझी सासू होती. तुझी आई होती. माझ्या माहेरात न्हाई म्हणलं मी, ते तुला ऐकवायलाच म्हणलं. तू दाखव."

मी म्हणाले, मला काय धाड भरलीय, दाखवीन. मग ऑफिसात मार्चअखेर आली. मग लेक सासरी जाणार होती. मग ऊन होतं. एके दिवशी मीच मला म्हणताना ऐकलं, "पावसाळा लागू दे, मग बघू." पलीकडे वैनीनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून उतरून दारात उभी. डाव्या हातानं जड धरायचं नाही म्हणून सगळं उजव्यात. पाणी प्यायली आणि म्हणाली, "चपला घाल."

माझं काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकते. आता मी दरवर्षी जाते, आणि लेक कुठल्या वयापासून जाणार तेही बाईंना विचारून ठेवलंय. पण त्या दिवशी आत जाताना मला काही ठाऊक नव्हतं. वैनी बाहेर बाकावर बसली, चार दिवसांसाठी लेकीबरोबर आलेली नात तिच्या मांडीवर, तिच्या सपाट बाजूला डोकं टेकून झोपलेली. डॉक्टरीण बाईंनी पेन उचललं आणि तोच प्रश्न विचारला. घरात कुणाला झालं होतं?

इतकी वर्षं सांगत आलेलं उत्तर जिभेवर आलंच होतं.

"आईला," मी म्हणाले. "आम्ही मिरची म्हणत होतो."